त्याच प्लेटची पट्टी
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

अ‍ॅल्युमिनियम वेल्ड करताना फिलर वायर कोणती घ्यायची, हा काय मराठी विभागात लिहायचा विषय आहे का, असं संपादक मंडळातल्या एकाने मला विचारलं. त्याला कविता हवी होती. कविता नाही तर निदान मेसवर काहीतरी विनोदी. पण मेसवर गेल्या तीन अंकांत तीन लेख येऊन गेले आणि पोळ्या काही बदलल्या नाहीत. कविता मला येत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मराठी आमच्याकडे तिसरी भाषा होती, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पदरात घ्याव्यात. विषय मात्र बदलणार नाही. कारण या एका वायरपायी माझी रूममेट जखमी होता होता राहिली, आणि तिला तो धोका दुसऱ्या कोणी नाही, मीच दिला होता.

आमची टीम फॉर्म्युला स्टुडंट धर्तीची छोटी रेसिंग गाडी बनवते हे सगळ्यांना माहीत आहे, कारण रात्री अकराला वर्कशॉपमागे जो आवाज होतो तो आमचाच. (बॉईज होस्टेलच्या सी विंगची माफी.) गाडीची फ्रेम स्टीलची, पण वजन कमी करायचं म्हणून पेडल बॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा करायचं ठरलं. मटेरियल सिलेक्शनचं काम माझ्याकडे. मी ६०६१-टी६ ची सहा मिलिमीटरची प्लेट मागवली. ड्रॉइंग काढलं, टॉलरन्स टाकले, वेल्डिंगचं चिन्ह अगदी पुस्तकातल्यासारखं काढलं. बाणाच्या शेपटीत काहीच लिहिलं नाही. शेपटी असते कशासाठी हेच तेव्हा ठाऊक नव्हतं.

वर्कशॉपचे मामा दोन दिवस गावाला जाणार होते. निघताना ते आमच्या टेबलाशी थांबले. "प्लेट कुठल्या जातीची? आणि फिलर कुठला आणलाय?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "मामा, अ‍ॅल्युमिनियमच आहे हो. फिलरचं आम्ही बघतो." ते काही बोलले नाहीत. बॅग उचलली आणि गेले.

संध्याकाळी टिगचा सेट लावल्यावर लक्षात आलं की फिलर रॉड आणलेलाच नाही. दुकानं बंद. लेडीज होस्टेलची हजेरी साडेआठला, म्हणजे मला निघायचं होतं. वेल्डिंग करणाऱ्या सिनियरने विचारलं, काय करू? मी उरलेल्या प्लेटकडे बोट दाखवलं. तिचीच बारीक पट्टी काप आणि तीच फिलर म्हणून वापर. त्याच धातूची पट्टी, त्याच धातूत. याहून चांगलं काय असणार?

हे मी पूर्ण आत्मविश्वासाने सांगितलं होतं. तुम्हालाही हे वाचताना त्यात काही चूक वाटली नसेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. सेकंड इयरपर्यंत आपण जे वेल्डिंग करतो ते साध्या लोखंडी पट्ट्यांचं. तिथे साधारण तशाच पोलादाचा इलेक्ट्रोड चालतो, त्यामुळे 'जसा धातू तसा फिलर' हे डोक्यात पक्कं बसतं. अ‍ॅल्युमिनियमला हा नियम लावला की घात होतो. आणि ६०६१ च्या बाबतीत तर हमखास.

दुसऱ्या दिवशी वेल्ड कानशीने साफ केला, वर काळा स्प्रे मारला, पेडल बसवलं. दिसायला झकास! माझी रूममेट आमची ड्रायव्हर. तिने वर्कशॉपमागच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या, सावकाश, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. चार-पाच वेळा ब्रेक दाबला. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी जरा वेगात न्यायची, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा परत आले. पेडल बघितलं आणि परत तोच प्रश्न, "फिलर कुठला?" मी सांगितलं. त्यांनी ओरडायला हवं होतं, ओरडले नाहीत. थिनरची चिंधी घेऊन जोडावरचा रंग पुसला. त्यावर रॉकेल लावलं आणि चहा प्यायला गेले. दहा-पंधरा मिनिटांनी येऊन जोड कोरडा पुसला, फळ्याचा खडू कुस्करून त्याची पूड चोळली आणि मला म्हणाले, "बघत बस."

पांढऱ्या खडूत हळूहळू एक ओली रेघ उमटली. पेडलचा दांडा पिव्होटच्या नळीला जिथे जोडला होता, तिथे वेल्डच्या बरोबर मधोमध. जिथे वेल्ड संपतो त्या खळग्यापाशी सुरू होऊन निम्म्याहून पुढे गेलेली. भेगेत शिरलेलं रॉकेल खडू शोषून घेत होता. डाय पेनेट्रंट टेस्टचा प्रश्न मी परीक्षेत आकृतीसकट लिहून आले होते. हा तोच प्रयोग, लाल डायऐवजी रॉकेल आणि डेव्हलपरऐवजी खडू, एवढाच फरक.

"हे नंतर नाही तुटलं," मामा म्हणाले. "गरम असतानाच फाटलंय."

या वाक्याने मी चाट पडले. पुस्तकात 'सॉलिडिफिकेशन क्रॅकिंग' नावाचा जो अर्धा पानी परिच्छेद आहे, त्याचा सगळा अर्थ या तीन शब्दांत आहे. तो परिच्छेद मी पाठ केला होता, आणि तरीही ती पट्टी कापायला मीच सांगितलं होतं.

आता 'गरम असतानाच फाटतं' म्हणजे नेमकं काय, हे मला जेवढं कळलं तेवढं सांगते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तिथेच गोठतं. मिश्रधातूंचं तसं नसतं. ६०६१ साधारण ६५० अंशांना गोठायला लागतं आणि ५८० च्या आसपास पूर्ण घट्ट होतं. मधल्या सत्तर अंशांत ते धड पातळ नाही, धड घट्ट नाही. कण तयार झालेले असतात, आणि कणांच्या मधल्या फटींत शेवटचा पातळ धातू पातळ थरासारखा पसरलेला असतो. याच वेळी धातू आकसत असतो, आणि अ‍ॅल्युमिनियम गोठताना आकारमानाने सुमारे ६ टक्के आकसतं, म्हणजे बरंच. दोन्ही बाजूंच्या प्लेट थंड, हलायला तयार नाहीत. मग ताण येतो तो त्या पातळ थरावर, आणि तो फाटतो.

यात गंमत अशी की फटींत पातळ धातू अगदीच कमी उरला तर भेग पडत नाही, कारण फाटायला सलग थरच नसतो. भरपूर उरला तरी पडत नाही, कारण चीर पडली की बाजूचा पातळ धातू वाहत येऊन ती भरून काढतो. वाईट असतं ते मधलं प्रमाण. थर पसरण्याइतका आहे, पण चीर भरण्याइतका नाही. आमच्या गावाकडची काळी जमीन उन्हाळ्यात अशीच भेगाळते. पाणी भरलेल्या वाफ्याला भेगा नसतात, रेताड जमिनीला नसतात, पण चिकणमाती आकसत सुकायला लागली की हातभर चिरा. उपमा अगदी बिनचूक नाही, पण माझ्या डोक्यात चित्र पक्कं झालं ते तिच्यामुळे.

हे मधलं प्रमाण किती, ते इंग्लंडमध्ये पम्फ्री आणि लायन्स यांनी १९४८ साली वेगवेगळे मिश्रधातू ओतून आणि वेल्ड करून मोजलं. नुसतं सिलिकॉन घातलं तर सर्वांत जास्त भेगा एका टक्क्याच्या अलीकडेच पडतात. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन दोन्ही मिळून असतील तर त्यांच्या संयुगाचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असताना. आता ६०६१ चं कोष्टक काढा : मॅग्नेशियम साधारण १ टक्का, सिलिकॉन ०.६ टक्के. म्हणजे नेमकं आलेखाच्या शिखरावर बसलेलं! ज्या रचनेमुळे ते टी६ केल्यावर एवढं मजबूत होतं, तीच रचना वेल्डमध्ये सर्वांत घातक. आणि मी त्या शिखरावरून उतरायला त्याच शिखराचा दगड वापरला होता.

म्हणून फिलरचं काम नुसतं खड्डा भरण्याचं नसतं. वेल्डच्या वितळलेल्या धातूची रचना त्या शिखरापासून लांब ढकलणं, हे त्याचं मुख्य काम. ४०४३ या वायरमध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन असतं, ५३५६ मध्ये सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम. दोन्ही ६०६१ मध्ये मिसळल्या की मिश्रण शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर जातं. यात एक पोटप्रश्न आहे : मिसळणार किती? पातळ प्लेटींच्या कडा एकमेकींना टेकवून, फट न ठेवता वेल्ड केलं, तर वितळलेल्या धातूत बहुतेक भाग प्लेटचाच असतो. वायर बरोबर असूनही भेग पडू शकते, कारण ती पुरेशी आत गेलीच नाही. म्हणून कडा उतरत्या घासून व्ही करायचा. आम्ही तो केला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

टीमच्या मीटिंगमध्ये लगेच एकाने निकाल दिला, "मग ४०४३ आण, विषय संपव. बाजारात सगळे तीच वापरतात." एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्यानेही तेच सांगितलं होतं. त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. ४०४३ खरंच बऱ्याच ठिकाणी चालते. ती छान वाहते, वेल्ड चकचकीत येतो, ६०६१, ६०६३ आणि इंजिनाच्या केसिंगसारखी सिलिकॉनवाली बरीचशी ओतीव कामं, सगळ्यांना भेगेपासून वाचवते. ज्याच्याकडे रोज दहा प्रकारचे तुकडे येतात आणि ज्याला गिऱ्हाईक जात सांगत नाही, त्याने ती हाताशी ठेवणं हा शहाणपणाच आहे.

पण 'सगळ्याला चालते' हे खरं नाही, आणि ते आमच्याच गाडीत निघालं. एका ब्रॅकेटसाठी आम्ही भंगारातून जाड प्लेटचा तुकडा आणला होता. फुकटात मिळाल्याचा आनंद झाला होता. मामांच्या प्रश्नाची धास्ती घेऊन मी तो लॅबमध्ये स्पेक्ट्रोला दिला (पैसे माझ्या मेसच्या रिबेटमधून गेले, याची नोंद कॅप्टनने घ्यावी). निघाला ५०८३, मॅग्नेशियम साडेचार टक्क्यांच्या आसपास. याला ४०४३ लावली तर वायरमधलं सिलिकॉन आणि प्लेटमधलं भरपूर मॅग्नेशियम एकत्र येऊन जोड ठिसूळ होतो. म्हणजे ६०६१ ला जे औषध, तेच ५०८३ ला अपाय. तिथे ५१८३ किंवा ५३५६ हवी. आणि दोन्ही प्लेट टेबलावर शेजारी ठेवल्या तर जगातला कोणताही माणूस नुसतं बघून सांगू शकत नाही कोणती कुठली. मामाही नाही. म्हणून तर ते विचारतात!

पेडलसाठी मग खरी चर्चा झाली, ४०४३ की ५३५६. भेगेचा प्रश्न दोन्ही सोडवतात, मग निवड कशावर करायची? इथे मला पहिल्यांदा समजलं की वायर प्लेट बघून अर्धीच ठरते. उरलेली अर्धी त्या जोडाला पुढे काय सोसायचंय यावर ठरते. पेडलवर लाथ बसणार. आमच्या जोडांसारख्या फिलेट वेल्डमध्ये ५३५६ ची कातर-ताकद ४०४३ पेक्षा बरीच जास्त, आणि तुटण्याआधी ती जास्त वाकतेही. शिवाय कॅप्टनला पेडल अ‍ॅनोडाइज करून हवं होतं. ४०४३ चा वेल्ड अ‍ॅनोडाइज केल्यावर सिलिकॉनमुळे काळपट करडा पडतो, चेहऱ्यावरच्या डागासारखा. ५३५६ चा रंग प्लेटशी जुळतो. म्हणून ५३५६.

त्याच गाडीत रेडिएटरच्या लाइनवर एक छोटी टाकी होती, तीही ६०६१ ची. माझ्या रूममेटने भाबडेपणाने विचारलं, "मग तिलाही तीच ना?" नाही! तिच्यात उकळायला आलेलं पाणी फिरणार. ५३५६ सारखी ३ टक्क्यांहून जास्त मॅग्नेशियमची वायर ६५ अंशांच्या वर सतत तापणाऱ्या जागी वापरत नाहीत. अशा उष्णतेत मॅग्नेशियम हळूहळू कणांच्या सीमांवर गोळा होतं, आणि ताण व ओलावा मिळाला की तिथून तडे जायला लागतात. तेही लगेच नाही, काही काळाने, जेव्हा सगळे ते वेल्ड विसरून गेलेले असतात. टाकीला ४०४३. एकच प्लेट, एकच गाडी, दोन फूट अंतर, आणि वायर दोन.

सिनियर मंडळींपैकी एकाचा सल्ला होता की एवढ्या भानगडीपेक्षा ७०७५ घ्या, विमानाचं मटेरियल आहे. मजबूत आहे, कबूल. पण ७०७५ आणि २०२४ या दोघांना आर्क वेल्डिंगमध्ये भेगांपासून वाचवेल अशी भरवशाची वायरच नाही. विमानांत ती रिव्हेटने जोडत आली आहेत ती हौस म्हणून नाही. याच्या उलट उदाहरण सॅटर्न-५ रॉकेटचं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या या रॉकेटच्या पहिल्या टप्प्याच्या टाक्या २२१९ या मिश्रधातूच्या, वेल्ड केलेल्या. त्यात तांबं सुमारे ६.३ टक्के. तांब्याच्या आलेखाचं शिखर त्याच्या बरंच अलीकडे असतं, म्हणजे प्लेट आधीच पलीकडे उतरलेली. म्हणून तिला २३१९ ही तिच्याच घराण्यातली, जवळजवळ तेवढंच तांबं असलेली वायर चालते. म्हणजे 'जसा धातू तसा फिलर' हे तिथे खरं आहे! तेव्हा उलटा नियमही पाठ करून उपयोग नाही. कोष्टक उघडावंच लागतं.

एक गोष्ट मात्र कोणतीच वायर करू शकत नाही, आणि ती आम्हाला यूटीएमवर कळली. फॉर्म्युला एसएईच्या नियमाप्रमाणे ब्रेक पेडलने २००० न्यूटनचा जोर सोसला पाहिजे, म्हणजे दोनशे किलोचा भार. नव्या पेडलचा वेल्ड टिकला, खडूत रेघ नाही. पण दांडा वाकला, वेल्डच्या अगदी शेजारी. ६०६१-टी६ ची ताणशक्ती ३१० मेगापास्कल आहे, पण वेल्ड केल्यावर शेजारच्या पट्ट्यातलं टी६ उष्णतेने निघून जातं. वेल्ड केलेल्या जोडासाठी कोड १६५ मेगापास्कलच धरतो. मी माझ्या गणितात ३१० धरले होते, अर्थातच. ड्रॉइंग बदललं, दांडा रुंद केला, जोड कमी ताणाच्या जागी सरकवला. तिसरं पेडल पास झालं.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे वेल्डिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये लॅप जॉइंट, बट जॉइंट, जर्नल, सही, एवढंच होतं. लेखी परीक्षेत 'योग्य फिलर वापरावा' असं लिहिलं की मार्क मिळतात. योग्य म्हणजे कोणता, हे कोणी विचारत नाही. याबद्दल एका सरांशी बोलले तेव्हा ते म्हणाले, सिलॅबसमध्ये वेळ कुठे आहे? दुसऱ्यांचं म्हणणं असं की इंडस्ट्रीत वेल्डिंग प्रोसीजर लिहायला वेगळी माणसं असतात, डिझाइनवाल्याने त्यात पडू नये. दोन्ही सरांबद्दल आदर आहे, पण पटलं नाही. प्रोसीजर लिहिणारा माणूस मोठ्या कारखान्यात असतो. आपल्यातले निम्मे ज्या छोट्या कंपन्यांत लागणार आहेत तिथे तो माणूस म्हणजे आपणच, किंवा कोणीच नाही. आणि पेडलच्या जोडाला किती ताण येणार, तो तापणार का, अ‍ॅनोडाइज होणार का, हे वेल्डरला कुठून कळणार? ते फक्त ड्रॉइंग काढणाऱ्याला माहीत असतं. त्याने लिहिलं नाही तर वेल्डर हातात जी येईल ती वायर घेणार. दोष मात्र वेल्डरलाच देतात. 'वेल्ड तुटला' असंच म्हणतात ना सगळे?

वेळेचं म्हणाल तर एका बॅचचं एक प्रॅक्टिकल पुरेल. ६०६१ च्या चार पट्ट्या घ्या. दोन त्याच प्लेटच्या पट्टीने जोडा, दोन ४०४३ ने. रॉकेल आणि खडू लावा. मग शेगड्यात धरून हातोडी मारा. मी आणि मामांनी हे एका शनिवारी करून बघितलं, तयारीसकट दोन तास लागले. पहिली जोडी हातोडीच्या दुसऱ्या घावाला वेल्डमधून फाटली, आत तुटलेली बाजू काळपट, जुन्या भेगेची. दुसरी वाकली पण सुटली नाही. हे बघितलेला विद्यार्थी ओरलला 'योग्य फिलर' एवढंच बोलून थांबणार नाही.

स्टोअरलाही एक विनंती. प्लेट कापून देताना ज्या टोकाला नंबर छापलेला असतो ते टोक शेवटपर्यंत राखा. आमच्या कॉलेजात नेमकं तेच टोक पहिल्यांदा कापतात, कारण ते दरवाज्याच्या बाजूला असतं! एकदा नंबर गेला की ती प्लेट अनाथ. मग स्पेक्ट्रोचा खर्च, नाहीतर अंदाज.

आणि मामांबद्दल. मला त्यांचा प्रश्न समजला नाही असं नव्हतं. 'जात' म्हणजे ग्रेड हे कळलं होतं. पण तो प्रश्न मराठीत, खाकी शर्टातल्या माणसाने, जाता जाता विचारला होता, म्हणून मी तो मनावर घेतला नाही. तोच प्रश्न एखाद्या पाहुण्या प्रोफेसरने पॉवरपॉइंटवर इंग्रजीत विचारला असता तर मी वहीत लिहून घेतला असता. हे लिहायला बरं वाटत नाही. पण माझ्यासारखे कॉन्व्हेंटवाले इथे बरेच आहेत, आणि आमच्यापैकी पुष्कळांनी वर्कशॉपमध्ये मामांना 'ग्राइंडर कुठंय' याखेरीज दुसरं काही विचारलेलं नाही. त्यांना कोष्टक पाठ नाही, ५३५६ आणि तापमानाची गोष्ट मीच त्यांना वाचून दाखवली. पण कोणता प्रश्न आधी विचारायचा हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

रूममेटला मी त्याच रात्री सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी दोन फेऱ्या मारल्या तेव्हा ती भेग होती?" मी म्हटलं, हो. होती. ती उठून लाइट बंद करून झोपली. सकाळी नेहमीसारखी चहाला हाक मारली, पण त्यानंतर गाडीत बसण्याआधी दर वेळी ती खाली वाकून पेडलचा जोड स्वतः बघते. मी समोर असले तरी. मला त्याचं वाईट वाटतं, आणि तिने ते बंद करावं असंही वाटत नाही.

आता वर्कशॉपच्या रॅकवर दोन्ही वायरींचे रॉड आहेत. दिसायला सारखेच, चकचकीत, मीटरभर लांब. नंबर टोकाला बारीक अक्षरांत ठोकलेला असतो आणि नंबराच्या बाजूने वापरायला सुरुवात केली की उरलेल्या अर्ध्या रॉडचं नाव गेलं. म्हणून मामांनी खिडक्यांच्या उरलेल्या ऑइलपेंटने दुसऱ्या टोकांना रंग दिलाय : ४०४३ ला लाल, ५३५६ ला हिरवा. पहिलं पेडल रॅकच्या वर तारेने टांगलंय, त्यावर अजून खडू आहे. भेग बघायची असेल तर दुपारी चारनंतर या, तेव्हा मामा असतात. येताना तुमच्या प्लेटचा नंबर बघून या, ते विचारतील.